मिसळणाच्या डब्यातली औषधं

माझ्या लग्नात आईनं मला पितळेचा मिसळणाचा डबा दिला होता. सात वाट्या, वर घट्ट बसणारं झाकण. त्या डब्यात मी जेमतेम चार वर्षं हळद-मोहरी ठेवली आणि पुढं बारा-पंधरा वर्षं औषधाच्या गोळ्या ठेवल्या. आता सांगितलं तर नातवंडं हसतात. तेव्हा आमच्या गावात कुणी हसत नव्हतं. उलट हा डबा आमच्या घरात आहे म्हणून मला मान होता.

गाव सातारा जिल्ह्यातलं, फलटणच्या बाजूचं. घरटी एक तरी माणूस मिलिटरीत. सुट्टीवर येताना प्रत्येकाच्या ट्रंकेत कॅन्टीनचा साबण असायचा, बायकोला साडी असायची आणि युनिटच्या दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या असायच्या. कुणाला तापाच्या मिळालेल्या, कुणाला पोटाच्या. चार खाऊन बरं वाटलं की उरलेल्या गावाला. मिलिटरीची गोळी म्हणजे जबरदस्त, असा आमचा सगळ्यांचा पक्का समज. मी चौथीपर्यंत शिकलेली, आमच्या आळीत बायकांमध्ये तेवढी मीच वाचणारी. मग सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या माझ्याकडं यायला लागल्या. मला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पाकिटं वाट्यांत मावायची नाहीत. मग मी कात्रीनं एकेक गोळी सुटी कापायची. नाव एकीकडं, तारीख एकीकडं, दोन्ही केरात. मोहरीच्या वाटीत तापाच्या, जिऱ्याच्या वाटीत पोटाच्या, लाल त्या अंगदुखीच्या, बारक्या पांढऱ्या मधल्या वाटीत. शेजारीण दारात यायची, "आवं वैनी, पोराचं पोट दुखतंय." मी झाकण उघडायची, स्वयंपाकात मीठ टाकावं तशी बोटानं उचलून द्यायची. आणि सांगते, मला फार बरं वाटायचं. कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटायचं.

आमच्या शेजारी एक सुभेदार होते, दम्याचे. मिलिटरीच्या मोठ्या दवाखान्यातून त्यांना बारक्या पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. ते वारले तेव्हा त्यांच्या मालकिणीनं गोळ्यांची अख्खी पिशवी माझ्या हातात दिली. "तुमच्या डब्यात टाका. वाया नका घालवू."

पुढं आमचे मालक हवालदार म्हणून रिटायर झाले आणि माधवनगरला गिरणीत वॉचमनची नोकरी लागली. सांगलीच्या अलीकडंच ते. ही नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. पोरं शाळेसाठी गावीच दिरांकडं राहिली, आम्ही तिघं आलो. मालक, मी आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आणि डबा.

आत्याबाईंचे गुडघे गेलेले होते. "कुणी खुटी ठोकल्यागत हुतंय गं," म्हणायच्या. त्या थंडीत त्यांना खोकल्यानं धाप लागली म्हणून मी सुभेदारांची एक गोळी दिली. धाप तर बसलीच, पण दुसऱ्या दिवशी आत्याबाई भिंत न धरता उठल्या! तिसऱ्या दिवशी अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं. मला तर वाटलं, मी शोधच लावला. मग रोज एक. मग सकाळ-संध्याकाळ एकेक. असं सात-आठ महिने चाललं. आत्याबाईंना भूक लागायला लागली, तोंड गोल झालं, गाल वर आले. शेजारणी म्हणायच्या, "सुनंनं सासूला काय खायला घातलंय गं? म्हातारीनं बाळसं धरलंय की!" मी नुसती हसायची.

आणि एक दिवस मधली वाटी रिकामी झाली. पिशवी झटकली, त्यात एकच कापलेला तुकडा निघाला. गोळी नसलेला. त्यावर कडेला इंग्रजीतली चार-पाच अक्षरं राहिलेली. तो तुकडा घेऊन मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले.

ते मेडिकल नवीनच निघालं होतं. चालवणारी पोरगी बावीस-तेवीसची, अंगात पांढरा कोट. वडील गिरणीत मागावर होते. आई-बापांनी पोटाला चिमटा घेऊन तिला फार्मसीचा डिप्लोमा करू दिला होता. काउंटरमागं भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर आणि शेजारी काचेच्या चौकटीत तिचा परवाना, त्यावर तिचं नाव. लोक सुरुवातीला तिच्याशी बोलायचेच नाहीत. "मोठं माणूस कुणी न्हाई का दुकानात?" म्हणायचे. ती म्हणायची, "मीच आहे. बोला."

मी तुकडा काउंटरवर ठेवला. म्हटलं, "असली दोन पाकिटं दे बाय."

तिनं तो उजेडात धरला. "मावशी, नाव कुठंय याच्यावर?"

"नाव कशाला पायजे? पांढरी, बारकी, मधी रेघ. ओळखंना व्हय तुला?"

"पांढऱ्या बारक्या गोळ्या माझ्याकडं पन्नास तऱ्हेच्या आहेत. रंगावरून मी नाही ओळखत, आणि तुम्हीही ओळखू नका."

मग ती मागं वळली. एकेक पाकीट काढून माझ्या तुकड्याशेजारी धरून बघायला लागली. चार गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण तिला त्याचं काही नाही. शेवटी एक पाकीट जुळलं. अक्षरं तशीच, छपाई तशीच. मी हात पुढं केला तर तिनं पाकीट मागं घेतलं.

"कोण घेतंय हे?"

"सासू माझी."

"किती दिवस?"

"झालं की सात-आठ म्हैनं."

"तोंड सुजलंय का त्यांचं?"

मला रागच आला. "सुजलं न्हाई. अंगानं सुधारल्यात."

तिनं पाकीट परत मांडणीत ठेवलं. मग म्हणाली, "डॉक्टरांची चिठ्ठी आहे?"

"न्हाई."

"मग हे मला देता येत नाही. कायदा आहे."

"कायदा चोराला असतोय. गोळीला कसला आलाय कायदा?" मागची गिऱ्हाइकं हसली. मला जरा चेव आला. "म्हातारी माझी, गुडघं तिचं, आणि चिठ्ठी तुला पायजे व्हय?"

ती काउंटरमागून बाहेर आली. मला स्टुलावर बसवलं आणि हळू आवाजात बोलली, दुसऱ्याला ऐकू जाऊ नये असं. "मावशी, औषध वाईट नाही. दम्याच्या माणसाचा जीव वाचवतं हे. पण रोज घेतलं की अंगाला त्याची सवय होते. अंग जे स्वतः तयार करायचं ते करायचं सोडून देतं. म्हणून मी देणार नाही, पण तुम्ही एकदम बंदही करू नका. आजच डॉक्टरांकडं न्या. ते हळूहळू उतरवतील."

"देत बी न्हाईस आन् बंद बी करू नगो म्हणतीस. म्हंजे मी करू काय?"

"घरात किती दिवसांच्या आहेत अजून?"

वाटी सकाळीच रिकामी झाली होती. पण एवढ्या लोकांसमोर या पोरीनं मला स्टुलावर बसवून शिकवलेलं, ते मला झोंबलं होतं. मी म्हटलं, "हायत की चार दिवसांच्या."

तिनं बोटांवर मोजलं. म्हणाली, "चार दिवस. त्याच्या आत न्या नक्की. आणि हा तुकडा राहू दे माझ्याकडं."

"ठेव. पूजा कर त्याची," म्हणून मी उठले.

डॉक्टरांकडं गेले का? नाही गेले. दुसऱ्या दिवशी सांगलीला बाजारात गेले. तिथं एक जुनं मेडिकल होतं. तिथंही भिंतीवर चौकट होती, परवाना होता, एका तरण्या पोराचा फोटो आणि नाव होतं. काउंटरवर मात्र पन्नाशीचे एक गृहस्थ पान खात बसलेले. चौकटीतला पोरगा कुठं आहे, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. मी म्हटलं, "गुडघ्याची, पांढरी, बारकी, मधी रेघ." त्यांनी मान सुद्धा वर केली नाही. बरणीतून मूठभर गोळ्या कागदाच्या पुडीत ओतल्या आणि माझ्यापुढं सरकवल्या. बिल नाही, नाव नाही, प्रश्न नाही. मी मनात म्हटलं, याला म्हणायचं दुकान.

त्या गोळ्या कसल्या होत्या ते आजतागायत मला कळलेलं नाही.

आत्याबाईंना त्या सकाळ-संध्याकाळ दिल्या. पहिल्या दिवशी त्या नुसत्याच पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. मला वाटलं, हवा बदललीय. तिसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. अंग गार, कपाळावर घाम. उठवायला गेले तर मान टाकली. मला ओळखेनात. मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागल्या, आणि ती बहीण जाऊन वीस वर्षं झाली होती. मालक ड्युटीवर. मी डबा उघडला. उलटीच्या गोळ्या जिऱ्याच्या वाटीत होत्या ना, त्यातली एक उचलली, आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेतलं.

तेवढ्यात दारात आवाज आला. "मावशी आहेत का? वॉचमनकाकांचं घर हेच ना?"

मेडिकलवाली पोरगी. पांढरा कोट तसाच अंगात. दाराशी चपला काढता काढता म्हणाली, "उद्या तुमच्या गोळ्या संपणार, आणि चिठ्ठी अजून आली नाही. म्हणून म्हटलं, बघून यावं." मग तिनं आत बघितलं. चारच पावलांत माझ्यापाशी आली आणि माझं मनगट धरलं.

"काय देताय?"

"उलटीची."

"कशावरून उलटीची?"

मी डब्याकडं बोट दाखवलं. तिनं त्या सात वाट्या बघितल्या. ओरडली नाही. तिनं ओरडायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं. नुसतं म्हणाली, "ठेवा ती खाली. खरं सांगा, त्या पांढऱ्या गोळ्या कधी संपल्या?"

"तुज्याकडं आले त्याच दिवशी. सकाळीच."

पुढचं सगळं तिनं केलं. रिक्षा आणली. आत्याबाईंना दोघींनी उचललं. रिक्षात बसल्या बसल्या तिनं पर्समधून माझा तो तुकडा काढला, एका कागदाला टाचणीनं लावला आणि कागदावर लिहिलं: औषधाचं नाव, किती महिने घेतलं, किती दिवसांपासून अचानक बंद आहे, मध्ये दुसरं अनोळखी औषध दिलंय. लिहिताना रिक्षा हादरत होती तरी अक्षर कसं मोत्यासारखं! मी म्हटलं, "दुकानात कोण हाय?"

"कुणी नाही. कुलूप लावलंय. मी नसताना दुकानातनं औषध जात नसतं, मावशी."

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी आत्याबाईंकडं बघितलं, कागद वाचला, तुकडा बघितला, आणि लगेच नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं. मी कोपऱ्यात उभी होते. पदर तोंडात धरलेला. त्या दोन तासांत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. एकच सांगते, माझ्या मनात सारखी ती रिकामी वाटी येत होती आणि माझं "हायत की" येत होतं.

डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "हा कागद कुणी लिहिला?"

"आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या पोरीनं."

"नशीब तुमचं. नुसत्या उलट्या म्हणून आणलं असतं तर जुनी गोळी एकदम बंद झाल्यानं हे झालंय, हे कळेपर्यंत उशीर झाला असता."

संध्याकाळी आत्याबाईंनी डोळे उघडले. पहिला शब्द म्हणजे, "च्या." दुसरा, "ही कोण गं पांढऱ्या कोटातली?" पोरगी म्हणाली, "आज्जी, मी औषधवाली." आत्याबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढीशी?" म्हणाल्या.

मी तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं. माफी मागायला हात जोडले, तर तीच म्हणाली, "मावशी, वाटी रिकामी आहे एवढं म्हणाला असता तर मी तेव्हाच रिक्षा बोलावली असती. मी ना तुमच्यावर रागावले होते, ना नियमाच्या मागं लपले होते. चिठ्ठी मागायची म्हणजे तुम्हाला हाकलायचं नसतं, डॉक्टरांपर्यंत पोचवायचं असतं." आजवर मला कुणी कायद्याचा असा अर्थ सांगितला नव्हता. कायदा म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं कचेरीच्या पायऱ्या यायच्या.

आठ दिवसांनी आत्याबाई घरी आल्या. डॉक्टरांनी त्याच गोळ्या दिल्या होत्या, पण कमी कमी होत जाणाऱ्या. या वेळी चिठ्ठी होती. पोरीनं गोळ्या दिल्या, बिल केलं, त्यावर आत्याबाईंचं नाव, डॉक्टरांचं नाव, पाकिटावरचा बॅच नंबर. मग एका कागदावर तिनं मला सूर्य काढून दिले. पूर्ण सूर्य म्हणजे अख्खी गोळी, अर्धा सूर्य म्हणजे अर्धी. आठवड्यामागून आठवडा सूर्य लहान होत गेले. तो कागद मी चुलीमागच्या भिंतीला चिकटवला होता आणि रोज एकेक सूर्य खोडायची.

ती पाकीट कापायची कशी, ते मी तेव्हा बघितलं. सुट्या गोळ्या मागितल्या की तारीख आणि नंबर छापलेलं टोक सोडून दुसऱ्या बाजूनं कापायची. शेवटच्या गोळीपर्यंत तारीख पाकिटावर राहिली पाहिजे. मी पंधरा वर्षं कात्री चालवली, पण एकदा तरी हे सुचावं? छे!

डबाही मीच तिच्याकडं नेला. तिनं वर्तमानपत्र पसरलं, सातही वाट्या पालथ्या केल्या आणि एकेक गोळी बघायला लागली. निम्म्या तिला ओळखता आल्या नाहीत. ज्या आल्या त्यात मोहरीच्या वाटीत तापाच्या शेजारी एक साखरेच्या आजाराची निघाली आणि दोन फिटच्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या बारक्या. मी त्या वाटीतनं शेजारच्या लहान लेकरांना सर्दीला दिलेल्या होत्या. ते मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "झालं ते झालं. आता पुन्हा कुणाला देऊ नका." सगळ्या गोळ्या तिनं एका खोक्यात भरल्या. त्यावर लाल अक्षरात 'विक्रीसाठी नाही' लिहिलेलं होतं. मुदत संपलेली औषधं ती त्यात ठेवायची.

मग मला तिच्या दुकानाचा नादच लागला. दुपारचं काम उरकलं की मी स्टुलावर जाऊन बसायची. मोकळी पाकिटं मागून घ्यायची आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं ओळखायला शिकायची. माझी सगळी इंग्रजी त्या पाकिटांवरची. लोक शाळेत ए फॉर ॲपल शिकले, मी तापाच्या गोळीवरनं शिकले.

एक दिवस औषधखात्याचे इन्स्पेक्टर साहेब आले. मी घाबरले, म्हटलं आता पोरीचं काहीतरी निघतंय. साहेबांनी चौकटीतला परवाना बघितला, मग तिच्याकडं बघितलं. बिलबुक उघडून मधलीच दोन पानं वाचली. फ्रीज उघडून आतला थर्मामीटर बघितला. लाल अक्षरांचं खोकं बघितलं. मला राहवेना. मी म्हटलं, "साहेब, ही पोरगी लय खडूस हाय बघा. चिठ्ठीबिगर काय देत न्हाई."

साहेब हसले. "ही तक्रार का?"

"तक्रार न्हाई. माझी सासू हिच्या खडूसपणामुळं जिती हाय. लिहून घ्या तुमच्या वहीत."

त्यांनी काही लिहून घेतलं नाही, पण जाताना पोरीला नमस्कार केला, एवढं मी बघितलं. मग मी त्यांना बाजारातल्या त्या दुसऱ्या दुकानाचं सांगितलं. चौकटीतला पोरगा आणि पुडी, सगळं. ते त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात बाजारात गेले तर त्या दुकानाचं शटर खाली होतं. पुन्हा उघडलं तेव्हा काउंटरवर चौकटीतला पोरगा स्वतः बसलेला होता.

साहेब गेल्यावर मी पोरीला म्हटलं, "तुजी तपासणी कराय येत्यात, तुला राग न्हाई येत?"

"राग कशाला? मी तुमचा डबा तपासला, माझा कुणीतरी तपासायला नको?"

आत्याबाईंचे शेवटचे अर्धे सूर्य संपले तोवर उन्हाळा आला होता. तोंड पुन्हा आधीसारखं सुरकुतलेलं, आणि गुडघे? गुडघे परत दुखायला लागले. ते काही मी लपवत नाही. उठताना भिंत धरायला लागायची. मला वाईट वाटायचं. आत्याबाई म्हणायच्या, "दुखू दे. दुखतंय म्हंजे माझं मला कळतंय. तवा तर मी कुठं हुते तेच न्हाई ठावं."

कागदावरचा शेवटचा सूर्य खोडला त्या दिवशी त्यांनी हट्ट धरला की मेडिकलपर्यंत चालत जायचं. घरापासून कोपरा म्हणजे शंभर पावलं. आम्ही तीनदा थांबलो. दुकानापाशी पोचल्यावर आत्याबाईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले, धाप घेतली आणि पदर सावरला.

"बघ गं बाय, चालत आले. तुज्याच हातचं खाल्लं म्हणून आले. आता गुडघ्याला कायतरी चांगलं दे."

पोरीनं हसू दाबलं आणि हात पुढं केला. "आज्जी, चिठ्ठी?"

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "बघितलंस? मेले असते तर ह्या पोरीनं माझ्याकडं मरणाची बी चिठ्ठी मागितली असती." आणि मग कमरेच्या पिशवीतून, चार घड्या केलेली, सकाळीच मी बाजारात गेले असताना मालकांबरोबर रिक्षानं जाऊन डॉक्टरांकडनं आणलेली चिठ्ठी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. मलासुद्धा माहीत नव्हतं.

पोरीनं ती उलगडली, पूर्ण वाचली, तारीख बघितली आणि मलमाची नळी काढायला मागं वळली. आत्याबाई स्टुलावर बसल्या आणि ती बिल लिहून होईपर्यंत अजिबात घाई न करता वाट बघत राहिल्या.